चिठ्ठीचा समास कोरा मागू नका: औषध दुकानांच्या तपासनिसांना खुले पत्र

प्रति,
औषध दुकानांतल्या चिठ्ठ्या, रजिस्टरं आणि दावे तपासणारे सर्व तपासनीस व लेखापरीक्षक, आणि त्यांच्या हातात तपासणीची यादी देणारे नियमकर्ते

विषय: प्रिस्क्रिप्शनवर फार्मासिस्टने केलेल्या टिपणाला तपासणीत मान्यता देण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

गेली बावीस वर्षं मी औषधांच्या काउंटरमागे उभी आहे. एवढ्या काळात अनेक तपासण्या झाल्या, त्यांतले बरेच शेरे आता आठवतही नाहीत. एक मात्र तोंडपाठ आहे: "मूळ प्रिस्क्रिप्शनवर अनधिकृत लिखाण. औषधाची संख्या आणि दिवस यांचा मेळ नाही. दावा अमान्य." हे पत्र त्या एका चिठ्ठीपायी लिहिते आहे, म्हणून आधी ती चिठ्ठीच आपल्यापुढे ठेवते.

पेशंट संधिवाताची. औषध मेथोट्रेक्सेट, २.५ मिलिग्रॅमच्या गोळ्या. "तीन गोळ्या, दिवसातून एकदा." एकूण गोळ्या १२. खाली सही, तारीख, शिक्का, नोंदणी क्रमांक, सगळं जागच्या जागी. मी गोळ्या काढायला वळले आणि त्या १२ या आकड्याशी अडले. रोज तीन म्हटलं तर बारा गोळ्या चार दिवसांत संपतात. संधिवातावर चार दिवसांचं मेथोट्रेक्सेट कोण देतं? आठवड्यातून एकदा तीन घेतल्या, तर मात्र त्याच बारा गोळ्या बरोबर चार आठवडे पुरतात. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंड आतून सोलून निघतं, अस्थिमज्जेत नव्या रक्तपेशी तयार होणं मंदावतं, आणि मग साधा संसर्ग झाला तरी त्याच्याशी लढायला पांढऱ्या पेशी पुरत नाहीत. 'आठवड्यातून एकदा'च्या जागी 'रोज एकदा' पडलं, एवढ्याने माणसं दगावलेली आहेत. औषधशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला हे उदाहरण शिकवलेलं असतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते पेशंट तपासत होते. दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला: "आठवड्यातून एकदाच. बरं झालं विचारलंत." मी चिठ्ठीच्या समासात लिहिलं, "डॉक्टरांशी फोनवर बोलले, सकाळी ११.४०. आठवड्यातून एकदा, दर सोमवारी. पेशंटला समजावलं, तिच्याकडून परत वदवून घेतलं." खाली सही केली, आणि औषधाचे पैसे मिळवण्यासाठीच्या दाव्यात औषध पुरायचे दिवस भरले २८.

पुढे तपासणीत ती चिठ्ठी निघाली. यादीप्रमाणे चिठ्ठीवर रोज तीन, गोळ्या बारा, म्हणजे दिवस ४. दाव्यात २८. समासातल्या ओळीसाठी यादीत रकानाच नव्हता, त्यामुळे ती ओळ 'अनधिकृत लिखाण' ठरली.

आता पुढचं वाक्य कृपा करून सावकाश वाचा. मी फोन केला नसता, लेबलवर 'रोज तीन' छापलं असतं आणि दाव्यात ४ दिवस भरले असते, तर त्या तपासणीत या चिठ्ठीवर एकही शेरा आला नसता.

माझी तक्रार एवढीच आहे. आपली यादी एका कागदाचा दुसऱ्या कागदाशी मेळ घालते. कागदाचा समोरच्या माणसाशी मेळ घालायचं काम फार्मासिस्टचं, आणि ते काम झालं याचा बहुतेक वेळा एकच पुरावा मागे राहतो, तो म्हणजे समासातलं टिपण. तेच टिपण यादीला खाडाखोड वाटतं.

नोंदी नकोत, तपासणी नको, असं मी कधीच म्हणणार नाही. अंमली औषधांविषयीचा १९६१ सालचा आंतरराष्ट्रीय करार पेशंटच्या हातात असं औषध द्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागेल असं सांगतो. मालाची प्रत्येक आवक आणि प्रत्येक जावक नोंदवायला लावतो, आणि त्या नोंदी किमान दोन वर्षं जपायला सांगतो. मनावर परिणाम करणाऱ्या औषधांसाठी १९७१ साली दुसरा करार झाला. त्याने एकच चिठ्ठी किती वेळा वापरता येईल आणि किती काळ चालेल यावर बंधन घालायला सांगितलं. या दोन्हींमागचं कारण मला मनापासून पटतं. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला मॉर्फिन मिळालंच पाहिजे, आणि वाटेत ते दुसरीकडे पाझरता कामा नये. दोन्ही साधायचं तर दर गोळीचा हिशोब लागतोच. जो दुकानदार न दिलेल्या औषधाचा दावा लावतो, किंवा झोपेच्या गोळ्या मागच्या दाराने विकतो, त्याच्यावर आपण जेवढे कडक व्हाल तेवढं मला हवंच आहे. त्याच्यामुळेच आमच्या खऱ्या चिठ्ठ्यांकडेही संशयाने पाहिलं जातं.

आणि तपासणीने माझ्या हातून झालेली एक चूक पकडली होती, तेही सांगायला हवं.

त्या तपासनीस बाई आल्या आणि फाइल मागण्याआधी त्यांनी कपाट उघडायला सांगितलं. नियंत्रित औषधांच्या गोळ्या त्यांनी स्वतः मोजल्या, स्ट्रिपा एकेक करून पालथ्या घालत. अल्प्राझोलाम या चिंता कमी करणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या औषधाच्या ०.२५ मिलिग्रॅमच्या ३० गोळ्या हिशोबापेक्षा जास्त निघाल्या. ०.५ मिलिग्रॅमच्या ३० कमी. दोन्हींची खोकी सारखीच, रंगही सारखा, फरक फक्त आकड्यात. बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. आम्ही बिलं उलटत मागे गेलो. अकरा दिवसांपूर्वी एका वयस्कर गृहस्थांना ०.२५ च्या जागी ०.५ गेली होती. देणारी मीच. लगेच फोन केला. मुलगी म्हणाली, बाबा हल्ली दिवसाही पेंगतात, चालताना भिंत धरतात, वयामुळे असेल असं आम्हाला वाटलं. ३० पैकी १९ गोळ्या शिल्लक होत्या. त्या परत घेतल्या, बरोबर गोळ्या दिल्या, डॉक्टरांना कळवलं. बाईंनी अहवालात ही चूक लिहिली आणि मी त्याखाली सही केली. तो शेरा मला अन्यायाचा वाटला नाही आणि आजही वाटत नाही. ते गृहस्थ पडले असते, खुब्याचं हाड मोडलं असतं, तरी कुणाला कारण कळलं नसतं.

मोजायला त्यांना पंधरा मिनिटं लागली असतील. फाइली चाळण्यात उरलेला दिवस गेला, त्यात दोन चिठ्ठ्यांवर पेशंटचा पत्ता अपुरा आणि एका चिठ्ठीवरची तारीख पुसट निघाली. त्या दिवशीचं खरं काम त्या पंधरा मिनिटांत झालं होतं.

आता दिवसांच्या हिशोबाकडे येते. सर्वांत जास्त वाद इथे होतात, आणि सर्वांत जास्त पेशंट इथे रिकाम्या हाताने परत जातात. गोळ्यांचा हिशोब सोपा असतो, साठ गोळ्या, रोज दोन, तीस दिवस. इन्सुलिनच्या पेनचा तसा नाही. १०० युनिट प्रति मिलिलिटर ताकदीच्या ३ मिलिलिटरच्या पेनमध्ये ३०० युनिट असतात, पाच पेनांच्या खोक्यात १५००. समजा पेशंटला रोज रात्री ६ युनिट घ्यायचे आहेत. तपासनीस १५०० ला ६ ने भागतात आणि २५० दिवस काढतात. पण प्रत्येक वेळी टोचण्याआधी सुईतली हवा काढायला साधारण २ युनिट बाहेर सोडावे लागतात. कंपनीच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं आणि आम्हीही पेशंटला तसंच शिकवतो. म्हणजे रोजचे ८ युनिट झाले, दिवस झाले १८७. एवढ्यानेही भागत नाही. ग्लार्जिनसारख्या इन्सुलिनचं १०० युनिटवालं पेन एकदा वापरायला घेतलं की २८ दिवसांनी टाकून द्यायचं, आत औषध उरलं तरी. पाच पेनं, प्रत्येकी २८ दिवस, म्हणजे १४०. खरं उत्तर हे.

पेशंट १४० दिवसांनी नवं खोकं घ्यायला येतो. कागदावर तो ११० दिवस आधी आलेला असतो. 'मुदतीआधी पुरवठा' असा शेरा बसतो, दावा कापला जातो. पुढच्या वेळी काउंटरवरचा नवखा मुलगा घाबरून त्याला म्हणतो, अजून तुमची तारीख झालेली नाही. मग तो माणूस जुनंच पेन ओढत राहतो, नाहीतर हवा काढायचे २ युनिट वाचवतो. साखर वाढते, आणि हे हिशोबातून आलं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मी आता इन्सुलिनच्या प्रत्येक चिठ्ठीवर हा पूर्ण गुणाकार-भागाकार लिहून ठेवते. तोही समासातच लिहावा लागतो.

डोळ्यांच्या थेंबांचंही तेच. एका मिलिलिटरचे वीस थेंब हा फक्त हिशोबापुरता ठोकताळा आहे. बाटलीच्या तोंडाप्रमाणे थेंब लहानमोठा होतो आणि थरथरत्या हाताचे निम्मे थेंब गालावर जातात. ज्यांचे डोळे सर्वांत अधू, त्यांचीच बाटली सर्वांत लवकर संपते.

आपल्या यादीत जे नाही, त्याबद्दलही बोलायला हवं. लहान मुलाच्या चिठ्ठीवर पत्ता नसेल तर त्रुटी लागते. वजन नसेल तर कुणी काही विचारत नाही. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला जास्तीत जास्त १२० मिलिग्रॅम. आता पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप येतं आणि पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेलंही येतं. चिठ्ठीवर नुसतं "सिरप, ५ मिलि" असलं, तर पहिल्या बाटलीतून डोस बरोबर जातो, दुसरीतून दुपटीहून जास्त. मी विचारते, "बाळाचं वजन किती?" आई सांगते. मी ते चिठ्ठीवर लिहिते आणि त्याप्रमाणे मिलिलिटर ठरवून डॉक्टरांना विचारून घेते. इतकी वर्षं झाली, एकाही तपासनिसाने हे वजन पाहून "हे बरं केलंत" म्हटलेलं मला आठवत नाही. "हे कुणी लिहिलं?" असं मात्र विचारलं आहे.

माणूस ज्या गोष्टीला घाबरतो तीच गोष्ट सांभाळतो. रिकाम्या रकान्याला दंड असेल तर रकाने भरले जातात. तपासणीची तारीख कळली की आदल्या रात्री काय चालतं, ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तीन महिन्यांचं रजिस्टर एका बैठकीत पुरं होतं. एकच पेन, एकच अक्षर, ओळी सरळ, कुठे डाग नाही. खरं रजिस्टर असं नसतं. ते घाईत लिहिलेलं असतं, कुठे निळी शाई कुठे काळी, एखादी ओळ चुकून खोडलेली, बाजूला सही आणि तारीख. आपल्यातल्या अनुभवी लोकांना हा फरक पान उघडताच कळतो, हे मी पाहिलेलं आहे. तरीही यादीप्रमाणे गुण त्या स्वच्छ रजिस्टरालाच द्यावे लागतात. प्रामाणिक फार्मासिस्टला यातून काय शिकायला मिळतं, याचा विचार व्हावा.

संगणक आल्यावर हा प्रश्न सुटेल असं आम्हाला सांगितलं गेलं. काही प्रमाणात सुटलाही. अक्षर लागत नाही ही तक्रार गेली, 'यू' म्हणजे युनिट की शून्य, हा जीवघेणा घोळ कमी झाला. पण पडद्यावर नावांची यादी उघडते आणि बोट एक ओळ खाली पडतं. हायड्रॅलाझिन रक्तदाबाचं, हायड्रॉक्सिझिन खाजेचं, यादीत दोन्ही शेजारी. चुकीचं नाव तितक्याच सुवाच्य अक्षरात छापून येतं, सगळे रकाने भरलेले असतात, आणि चिठ्ठी तपासणीत निर्दोष ठरते. अशा चिठ्ठीला अडवणारी काउंटरवरची व्यक्तीच असते, जी विचारते, "तुम्हाला त्रास काय होतोय?" संगणकाने एक गोष्ट मात्र फार चांगली दिली. टिपण कधी लिहिलं याची वेळ त्यात आपोआप नोंदली जाते आणि ती मागाहून बदलली तर तेही दिसतं. माझी मागणी मान्य करायला आपल्याला हाच भक्कम आधार आहे.

मागणी अशी. फार्मासिस्टचं टिपण चिठ्ठीचाच भाग मानलं जावं. कुणाशी बोलणं झालं, केव्हा झालं, काय ठरलं आणि कुणी लिहिलं, एवढं त्यात असावं, आणि ते औषध देण्याच्या वेळीच केलेलं असावं. या टिपणावर आपण आंधळा विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही. मधूनमधून काही टिपणं निवडा आणि थेट डॉक्टरांना विचारा. टिपण खोटं निघालं तर ती फसवणूक समजून कारवाई करा. खरं निघालं तर त्यावरून दावा कापू नका. दिवसांचा हिशोब फार्मासिस्टने मांडून ठेवला असेल तर आधी तो वाचा, मग भागाकार करा. आणि मोजणी आधी, फाइल नंतर, हा त्या बाईंचा क्रम सगळ्यांनी घ्यावा.

दुसरी गोष्ट पैशाची. पत्त्यातला अपुरेपणा, पुसट तारीख, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकातला एक चुकलेला आकडा, अशा ठिकाणी औषध बरोबर माणसाला, बरोबर मात्रेत, बरोबर वेळी मिळालेलं असतं. कुणाचा तोटा झालेला नसतो, कुणी काही लाटलेलं नसतं. तरी पूर्ण औषधाची रक्कम वसूल होते, जणू ते दिलंच नाही. काही ठिकाणी तर थोड्या चिठ्ठ्यांत सापडलेल्या अशा त्रुटी सगळ्या चिठ्ठ्यांना लावून वसुलीचा आकडा काढतात. काही ठिकाणी तपासणाऱ्याचा मोबदलाच वसुलीच्या हिश्श्यावर ठरतो. ज्याची मिळकत चुका सापडण्यावर आहे, त्याला पुसट तारीख आणि चुकीचा डोस यांतला फरक शोधायला कोण सांगणार? लिखाणातल्या त्रुटी दुरुस्त करायला मुदत द्या. डॉक्टरांचा लेखी खुलासा आला तर तो स्वीकारा. एकच त्रुटी परत परत होत असेल तर दंड जरूर लावा. पण अशा त्रुटींचा गुणाकार करू नका, आणि वसुलीत वाटा ही पद्धत बंद करा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांच्या वापरातून होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ती हानी टळते त्या जागी, म्हणजे काउंटरवर, आम्ही उभे असतो. चिठ्ठी हातात आल्यापासून पुडा पेशंटच्या हातात पडेपर्यंत आमच्याकडे काही मिनिटं असतात. मागे रांग असते, फोन वाजत असतो. त्या मिनिटांत नवखा फार्मासिस्ट स्वतःला काय विचारतो, हे आपल्या यादीवर ठरतं. सगळे रकाने भरले का, की हे औषध या माणसाला असंच द्यायचं का? मी माझ्या हाताखालच्या मुलामुलींना दुसरा प्रश्न शिकवते. परवा त्यांतल्याच एकीने मला विचारलं, "मॅडम, फोन केला ते लिहू का? लिहिलं तर ऑडिटला अडकेल ना?" तिने फोन केला होता, शंका बरोबर निघाली होती, डोस बदलला होता. आणि पेन हातात धरून ती थांबली होती. मी तिला लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, वेळ घातली, सही केली.

येत्या काही महिन्यांत आमच्याकडे पुन्हा तपासणी होईल. तिची ती ओळ त्या फाइलमध्ये असेल. माझी मेथोट्रेक्सेटची चिठ्ठीही मी ठेवली आहे, जपायची मुदत केव्हाच संपली तरी. पेशंटचं नाव झाकून तिची प्रत आपण मागाल तेव्हा पाठवीन. दोन्ही वाचा, आणि यादीत त्यांच्यासाठी एक रकाना करा.

आपली,
काउंटरवरची एक फार्मासिस्ट